मुंडीचा मान

ओरोझने मुलांसाठी दोन भावांची कादंबरी लिहिली. दोघं कुरणात वाढतात, दोघं लढाईवर जातात आणि थोरला एसेनबाय जर्मन रणगाड्याखाली उडी घेऊन वीरमरण पत्करतो. थोरल्याचं नाव बदलायचे कष्ट काही लेखकाने घेतले नव्हते. खरा एसेनबाय, म्हणजे ओरोझचा सख्खा थोरला भाऊ, गावात मजेत घोडे राखत होता. लढाईभर त्याने तुकडीचा स्वयंपाक केला होता आणि घरी आला तो अंगाने भरूनच.

पुस्तक आलं आणि गाव हळहळायला लागलं. छापलेल्या अक्षरापुढे स्वतःच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो!

शाळेने लेखकाच्या सत्काराला मेंढा कापला. तिकडच्या रीतीने मेंढ्याच्या शिजवलेल्या मुंडीचा मान थोरल्याचा; पण शहरातून आलेल्या नव्या हेडमास्तरांनी मुंडीचं ताट ओरोझपुढे ठेवलं.

"थोरले बंधू हयात असते, तर मान त्यांचा होता," ते डोळे टिपत म्हणाले.

"हयात आहे की!" एसेनबाय ओरडला.

"बसा काका. नाही, उठा. आता त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायची आहे."

सगळे उठले. एसेनबायही उठला. बसून राहणं बरं दिसलं नसतं.

घरी येताच त्याने धाकट्याला धारेवर धरलं. "मला का मारलंस रे?"

"दादा, दोघं धडधाकट परत आले आणि पाटाच्या पाण्यावरून भांडत बसले, हे कोण छापणार? एकाला मरणं भाग होतं."

"मग तू मरायचंस!"

"मी मेलो असतो तर मला रडू नसतं आलं. तुला मारलं त्या दिवशी मी जेवलो नाही."

एसेनबाय जरा नरमला, पण हटला नाही. "पुढच्या आवृत्तीत मला जिवंत कर. आजच्या आज हेडमास्तरांना सांग."

"खबरदार भावजी!" चहा ओतता ओतता एसेनबायची बायको बूबुखान कडाडली. "पुस्तकातले निघताना बायकोचा हात धरून म्हणतात, 'तुझ्यावाचून मला करमायचं नाही.' हे निघताना काय म्हणाले? 'काळ्या घोडीला ओली वैरण घालू नकोस.' एवढंच!" तिने डोईच्या रुमालाने डोळे पुसले. अश्रू अर्थातच त्या दुसऱ्यासाठी होते.

"मनात माझ्याही तेच होतं," एसेनबाय पुटपुटला.

"मग ते बाहेर यायला रणगाडा लागतो?" म्हणत ती बाहेर गेली.

एसेनबायने दाराकडे पाहिलं आणि भावाला जवळ ओढलं.

"राहू दे मला मेलेलाच. पण तो बायकोशी बोलतो ते पान काढ. सावकाश वाच, पाठ करायचंय."