जपून ठेवलेला एसी

मेढ्याच्या निवृत्त सुभेदार नाथाजींनी मोटार घेतल्यापासून तिचा एसी जपून ठेवला होता. डोंगराच्या गार वाऱ्यात राहणाऱ्यानं तो स्वतःसाठी लावायचा नसतो, पाहुण्यांसाठी राखायचा असतो, असा त्यांचा हिशेब. तीन वर्षं आणि नऊ दिवसांनी तसं निमित्त आलं. लेक दीपमाला हिला सासरहून, म्हणजे आष्ट्याहून, बाळंतपणाला आणायचं होतं. मे महिना, पारा एक्केचाळीसवर. लेक गाडीत बसताच नाथाजींनी आयुष्यात पहिल्यांदा एसीचं बटण दाबलं. जाळीतून आलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम होती.

वॉरंटी तीन वर्षांची होती. लेकीला घेऊन ते तसेच सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथली थंडगार प्रतीक्षा-खोली फक्त वॉरंटीतल्या ग्राहकांसाठी असल्यामुळे दीपमालाला शेडमधल्या पंख्याखाली बसवण्यात आलं.

ग्राहक समाधान अधिकारी आर्जव यानं वरच्या नऊ दिवसांच्या सवलतीचा अर्ज उघडला. "काका, एसी शेवटचा कधी चालला?"

"कवाच लावला न्हाई."

"मग आधी चालू होता, याला पुरावा?"

"न्हाई. पर आता बंद पडलाय, ह्ये दिसतंय की."

"चालूच नव्हता, तर बंद कसा पडेल?"

नाथाजींना ते पटलं. पटलं म्हणूनच त्यांचं डोकं तापलं.

तपासणीत निदान झालं: आठवड्यातून दहा मिनिटं एसी न लावल्यानं कॉम्प्रेसरचं सील सुकलं आणि गॅस निघून गेला. गाडीसोबतच्या पुस्तिकेत तसं छापलेलं होतं. पुस्तिका मळू नये म्हणून मेढ्याच्या कपाटात होती.

"म्हंजी वापरला असता तर टिकला असता?"

"हो. पण वापरून बिघडला असता तर आम्ही 'वापरामुळे झीज' लिहिलं असतं. तुमचा 'अवापर'. रकाना वेगळा, उत्तर तेच."

शेडमधून दीपमाला म्हणाली, "आबा, भरा पैसे आणि चला. मला गरगरतंय."

तीन तासांनी नवा कॉम्प्रेसर बसला. आर्जवनं दहा मिनिटं एसी चालवून दाखवला. मागच्या सीटवर दीपमालानं सुखानं डोळे मिटले. नव्या भागाला एक वर्षाची वॉरंटी होती, अट आठवड्याला दहा मिनिटांची.

गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली, तशी नाथाजींनी एसी बंद करून काचा खाली घेतल्या.

"आबा, ऱ्हाऊ द्या की चालू."

"ह्या आठवड्याची धा मिनिटं झाली, दीपा. जादा वापरला की त्यांचा झिजेचा रकाना तयारच हाय."

"मग गाडी वळवा. मी पुढच्या आठवड्यात येते."

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी आधी घरच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढावं.