शिडी धरायला कोणीतरी

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी चार वाजता, गोदामाच्या पहिल्या मजल्यावरील लांबट सभागृहात ‘शिडीचा सुरक्षित वापर’ या विषयावरील प्रशिक्षणवर्गास प्रारंभ झाला. प्रारंभ झाला तो सुरक्षा अधिकाऱ्यांच्या बाजूने. श्रोत्यांच्या बाजूने नेहमीप्रमाणे केवळ खुर्च्या भरल्या होत्या.

सुरक्षा अधिकाऱ्यांना सारे गोदाम पाठीमागे ‘शिडीमास्तर’ म्हणे, आणि हे त्यांना ठाऊक होते. शिडीविषयी त्यांची मते ठाम होती. शिडीवर असताना तोंड शिडीकडेच ठेवावे, हे एक. आणि खाली कोणी धरलेले नसेल तर शिडीला पायसुद्धा लावू नये, हे दुसरे. चढताना नाही आणि उतरताना तर नाहीच. हे नियम त्यांनी गोदामाच्या भिंतीभिंतींवर रंगवून घेतले होते, आणि लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशांतले ते नसल्यामुळे घरीही पाळले होते. पत्नी गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला बल्ब उडाला. नवा बल्ब आणून ठेवलेला होता, शिडी होती, चढणारा होता. धरणारे कोणी नव्हते. शेजाऱ्याला हाक मारावी, तर इतक्या वर्षांत त्याची ओळख करून घ्यायचीच राहून गेली होती. तेव्हा मास्तर बाहेरच्या खोलीतून येईल तेवढ्या उजेडात चहा करीत आणि साखर अंदाजाने घालीत.

व्यवस्थापकबाईंनी त्यांना आदल्या दिवशी बोलावून घेतले होते. “मास्तर, तुमच्या वर्गात माणसं झोपतात,” त्या म्हणाल्या. “त्यांना बोलतं करा. उद्याही कोणी तोंड उघडलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून आपण सरळ चित्रफीत लावू.”

चित्रफीत लागली असती तर शिड्यांचे काहीएक बिघडले नसते. परंतु महिन्यातून तो एकच तास असा होता की, मास्तर बोलत असताना समोर माणसे असत. पेंगत का होईना, असत.

म्हणून त्या शुक्रवारी त्यांनी आरंभीच कोणाला काही शंका आहे का, असे विचारले. शंका कोणालाच नव्हती. शिडीवरून कोण कोण पडले आहे, असे विचारले. तेव्हा भांडारपालाने शेजारच्या पॅकिंगवाल्या ताईंकडे पाहिले आणि ताईंनी छताकडे. एकमेकांशी चर्चा करा म्हणताच उरलीसुरली कुजबुजही थांबली. तेव्हा मास्तरांनी हुकमाचा एक्का टाकला.

“जो प्रश्न विचारील आणि ज्याचं समाधान होईल,” ते म्हणाले, “त्यानं खुशाल घरी जावं.”

मेलेल्या सभागृहात प्राण आला. इतके हात वर झाले की मास्तरांना क्षणभर गहिवरून आले. प्रात्यक्षिकावाचून उत्तर देणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. म्हणून भिंतीला टेकवलेली शिडी भांडारपालाला धरायला लावून ते सर्वांत वर चढले आणि नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

प्रश्न पाठीमागून येऊ लागले. शिडी लाकडाची बरी की ॲल्युमिनियमची? रंग दिल्याने शिडीचे आयुष्य वाढते काय? कोणी एकाने तर, शिडी आडवी ठेवली तरी तिला शिडीच म्हणायचे का, असे विचारले, आणि मास्तरांनी त्याचेही दोन्ही बाजूंनी सविस्तर विवेचन केले. प्रत्येक उत्तरानंतर “समाधान झालं, सर” असे शब्द येत, मग पावले वाजत. शिडी धरणारे बदलत होते, हे शिडीला बसणाऱ्या ओढीवरून कळत होते. मास्तरांचा आवाज चढत गेला. आयुष्यात प्रथमच त्यांना मध्येच पाणी प्यावेसे वाटले.

“सर,” खाली शिडी धरून उभ्या असलेल्या, मालवाहू गाडीच्या चालकाने विचारले, “शिडी धरणाऱ्यानं ती केव्हा सोडावी?”

“वरचा माणूस सुखरूप खाली उतरल्यावर. त्याआधी कदापि नाही.”

“समाधान झालं, सर,” चालक म्हणाला आणि गेला.

“पुढचा प्रश्न?” मास्तरांनी भिंतीला विचारले. मग थोड्या वेळाने पुन्हा विचारले. शेवटी नियम मोडून त्यांनी मान वळवली. खुर्च्या रिकाम्या होत्या. फक्त शेवटच्या रांगेत वजनकाट्यावरचा गृहस्थ हाताची घडी घालून बसला होता. त्याला सगळे ‘मौनीबाबा’ म्हणत. वजनाचा आकडा सोडून दुसरे काही बोलताना त्याला कोणी ऐकले नव्हते.

“तुम्हाला काही शंका नाही?”

मौनीबाबाने नकारार्थी मान हलवली.

“अहो, काहीही विचारा. घरी जाता येईल.”

मौनीबाबाने यावर बराच विचार केला. “म्हणूनच नाही विचारत,” तो म्हणाला.

एवढे बोलून तो उठला, सावकाश पुढे आला आणि त्याने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मास्तर एक पायरी उतरले, तोच दारात व्यवस्थापकबाई उभ्या राहिल्या. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली. चित्रफीत, मास्तरांच्या मनात आले.

“जिन्यात सगळे भेटले मला,” बाई म्हणाल्या. “वर्ग दर आठवड्याला घ्या म्हणतायत. काय केलंत तरी काय मास्तर?”

मास्तरांनी खरे ते सांगण्यासाठी तोंड उघडले, पण खाली शिडी किंचित हलली, आणि मौनीबाबा म्हणाला, “आधी उतरा.”

त्या संध्याकाळी मास्तरांनी त्याला शिडीविषयी एक खासगी अडचण सांगितली. मौनीबाबाने प्रश्न न विचारता टोपी उचलली. मास्तरांच्या स्वयंपाकघरात त्याने खाली शिडी धरली, मास्तर वर चढले, आणि कैक दिवसांनी तिथल्या भांड्यांना रंग आला. मग उजेडात दोघांचा चहा झाला. मास्तरांनी सवयीने अंदाजानेच साखर घातली आणि परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसे समोर बसून राहिले.

मौनीबाबाने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि वजन सांगावे तशा सुरात सांगितले, “साखर जास्त होते तुमची.”