भागूआत्याचं नाक

आमच्या एका खोलीच्या घरात सहा माणसं, तीन शेळ्या आणि एक चूल राहत होती. या सगळ्यांचा मिळून जो वास व्हायचा, तो आम्हाला सोडून साऱ्या पुणतांब्याला येत असावा. आम्हाला यायचा नाही, कारण आम्ही त्यातच जन्मलो होतो. खोलीला दार एकच, खिडकी नाही. चुलीत कपाशीच्या पळकाट्या आणि अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या. लांडग्याच्या भीतीनं शेळ्या रात्री आत. धूर वर धाब्याला जाऊन धडकायचा, तिथून खाली यायचा आणि आम्हा सगळ्यांच्या अंगावर सारखा वाटला जायचा. मला शर्ट दोन होते. एक अंगात, एक दांडीवर. दांडी बरोबर चुलीच्या वर.

वासाचं हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. भागूआत्या सांगत नसे. ती नुसता वास घ्यायची.

कोणाच्याही दारात आली की ती उंबऱ्याबाहेर थांबायची. एक हात चौकटीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, हनुवटी वर करायची आणि नाकानं तीनदा हवा ओढायची. एक लांब, एक आखूड, एक लांब. घरातली बाई तोवर परीक्षेला बसल्यासारखी उभी. मग डोळे उघडून, सगळ्या घरावर एकवार नजर फिरवून आत्या निकाल द्यायची. पाट्याखालचं फडकं तीन दिवसांचं आहे. डाळीच्या डब्यात किडे झालेत. धाकट्या पोरानं गोधडी ओली केली आणि तुम्ही ती तशीच घडी घालून ठेवली. बाई फडकं उचलून बघायची तर ते खरंच तीन दिवसांचं निघायचं. निकालाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं, "बंगल्यात असं न्हवतं."

हा बंगला नगरचा. आत्या गावची लेक. नवरा वारल्यावर पोटासाठी नगरला गेली आणि एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात तिनं बारा वर्षं धुणं आणि स्वयंपाक केला. बाई नगर सोडून गेल्या तेव्हा ही माहेरी परत आली. भाऊ नव्हता, आईबाप नव्हते, घाटाच्या वाटेवर बापाची एक खोली तेवढी होती. परत आलेली लेक म्हणून ती साऱ्या गावाची आत्या झाली. शेवया, पापड करून देऊन पोट भरायची. बंगला मात्र तिनं पुणतांब्यात जसाच्या तसा आणला होता, फक्त विटा तेवढ्या नगरला राहिल्या होत्या.

तिच्याजवळ प्रत्येक अडचणीवर युक्ती होती. दूध तापवायच्या आधी भांडं पाण्यानं विसळा, म्हणजे बुडाला धरत नाही. वर पळी आडवी ठेवा, म्हणजे उतू जात नाही. आमटी खारट झाली तर कणकेचा गोळा सोडा. नीळ करताना चिमूटभर मीठ टाका, म्हणजे धोतरावर डाग पडत नाहीत. कॉलरीच्या मळाला रात्री खडू घासून ठेवा. कोंदट कोपऱ्यात कोळसे भरलेली परात ठेवा, ते वास पितात. यातल्या बहुतेक युक्त्या लागू पडायच्या. पडल्या नाहीत तर दोष माणसाचा. पोस्टमास्तरांना तिनं ट्रंकेत कापूर टाकायला सांगितलं, त्यांनी जरा सढळ हातानं टाकला. पुढं एका लग्नात ते कोट घालून मांडवात शिरले तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी आरती सुरू झाली समजून हात जोडले.

बाहत्तरच्या दुष्काळात गोदावरीचं पात्र उघडं पडलं. बाया वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं हंडे भरायच्या. त्या वर्षी आत्याला फार मान आला. तिच्या हिशेबी एका बादलीला चार जन्म होते. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांच्या दुसऱ्या हाताचं धुण्याच्या पहिल्या हाताला, आणि धुण्याचं शेवटचं अंगणात सड्याला. बाया हसायच्या आणि तसंच करायच्या.

माझं प्रकरण त्याच्या दोन वर्षं आधीचं. मी मॅट्रिक झालो आणि श्रीरामपूरच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी यायचं. वडिलांनी ही बातमी गावात कोणाला सांगायची शिल्लक ठेवली नव्हती. पहिल्या आठवड्यात शेजारचा मुलगा बाकावर जरा सरकून बसला. दुसऱ्या आठवड्यात तो बाकच बदलून गेला. तिसऱ्या आठवड्यात मागून कोणीतरी विचारलं, वर्गात चूल कोणी पेटवली आहे. आणि मग एक जण शेळीसारखा ओरडला. फार हुबेहूब ओरडला. सर वळले तेव्हा सगळा वर्ग हसत होता, आणि मी वहीत मान घालून काहीतरी लिहीत होतो. काय लिहिलं ते आठवत नाही.

त्यानंतर आठ दिवस मी स्टेशनावर लिंबाखाली बसून गाडी जाताना पाहिली. संध्याकाळी पुस्तकं घेऊन घरी. नवव्या दिवशी ताप आल्याचं सांगून घरातच पडलो. कॉलेज सोडायचं माझं मनात ठरलं होतं. वडिलांना कसं सांगायचं एवढंच राहिलं होतं.

त्याच सकाळी आत्या दारात आली. आई म्हणाली, "या वन्सं." आत्यानं तीन वेळा वास घेतला, डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, दांडीवरच्या शर्टाकडं पाहिलं, त्याच्या खालच्या चुलीकडं पाहिलं.

"ह्याला ताप न्हाई वैनी," ती म्हणाली. "सदा, कालेजात पोरं काय म्हनली?"

मी सांगितलं. आई चूल फुंकत होती, ती फुंकायची थांबली. तिच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

आत्यानं माझी समजूत वगैरे काढली नाही. दोन्ही शर्ट गोळा केले आणि बगलेत मारले. आजपासून शर्ट माझ्याकडं राहतील, तू तुझ्या घरी राहा, असं सांगून ती निघून गेली. दोन दिवस तिच्या दारात रिठ्यांचा फेस वाहत होता. खळीसाठी भाताची पेज हवी, आणि आम्हा भाकरी खाणाऱ्यांच्या आळीत रोज भात कोणाकडं. म्हणून ती तांब्या घेऊन जोशीकाकूंच्या मागच्या दारी जाऊन बसली. इस्त्री म्हणजे निखाऱ्यांनी भरलेला पितळी तांब्या. तिसऱ्या दिवशी शर्ट तयार झाला. तो इतका कडक होता की बसताना पापडासारखा वाजायचा. हात वर केला तर आपोआप खाली यायचा नाही. सरांना वाटायचं मला उत्तर येतंय.

मग नेम पडला. सकाळी बनियनवर आत्याकडं जायचं, शर्ट अंगात घालायचा आणि समोर उभं राहायचं. ती डोळे मिटायची. लांब, आखूड, लांब.

"जा. काय वास न्हाई."

एवढं ऐकलं की मी गाडीत मधोमध उभा राहायचो. वर्गात पहिल्या बाकावर बसायचो. मागं काही दिवस शेळी ओरडली, मग तिचाही घसा बसला असावा. शेजारी मुलगा येऊन बसला. पुढं तो माझ्या वह्या उतरवून घ्यायला लागला. भागूआत्याच्या नाकानं पास केलेला माणूस होतो मी, मला कशाची भीती.

शर्टानंतर तिनं घराकडं मोर्चा वळवला. माझे वडील तिच्याहून लहान, त्यामुळं ती त्यांना एकेरीच बोलायची.

"रंगनाथा, भिताडाला भोक पाड."

वडील म्हणाले, भोक पाडलं तर चोर येईल.

"येऊ दे की. तुझ्यात न्यायला काय हाय? शेळ्या नेल्या तर निम्मा वास तरी कमी हुईल."

वडिलांनी दार आहे ना म्हणून सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, "वारा पाव्हना अस्तो. जायची वाट दिसली तरच आत येतो." वडिलांनी बघू म्हटलं आणि दोन महिने काही बघितलं नाही. एका सकाळी ती स्वतःच पहार घेऊन आली आणि भिंतीला दोन टोले हाणले. बाईमाणूस आपल्या घराची भिंत फोडतंय हे गल्लीनं बघितल्यावर वडिलांनी निमूट तिच्या हातातून पहार घेतली. दाराच्या समोर, चुलीच्या वर झरोका पडला. त्या संध्याकाळी आईनं कोरड्या डोळ्यांनी भाकरी थापल्या. शेळ्यांना बाहेर, लांडगा शिरणार नाही असा, तट्ट्याचा आडोसा केला. आत्या वास घेऊन म्हणाली, आता जरा बंगल्यासारखं वाटतंय.

अशी चार वर्षं गेली आणि बी.ए.च्या परीक्षेचा पहिला पेपर आला. सकाळी आत्याकडं गेलो. ती मागं पाणी भरत होती. शर्ट अंगात घातला, बाही सारखी करायला हात झटकला, आणि कोनाड्यातली रॉकेलची चिमणी उलटली. ती भरलेली होती. उजवी बाही कोपरापर्यंत निथळायला लागली, बाकीचं भुईनं पिऊन घेतलं. सगळी खोली रॉकेलनं भरून गेली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रेशनचं रॉकेल, आत्या आता सोलून काढणार, म्हणून मी हात पाठीमागं लपवला.

ती पदराला हात पुसत आली. समोर उभी राहिली. डोळे मिटले. लांब, आखूड, लांब.

"जा. काय वास न्हाई."

मला वाटलं, ती थट्टा करतेय. पण तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता, परीक्षेच्या दिवशी जरा जास्तच खूश. मी म्हणालो, "आत्या, नीट घे."

तिनं पुन्हा घेतला. तिसऱ्या ओढीला डोळे उघडले आणि तिचं लक्ष माझ्या तोंडाकडं गेलं, मग कोनाड्याकडं, मग उलट्या चिमणीकडं. ती हळूच खाली बसली.

"कदीपासनं?" मी विचारलं. घाबरलं की माझीही भाषा घरचीच व्हायची.

"बंगल्यातच. मोठा ताप आल्ता. उठले तवा नाक गेलं हुतं." मीठ कळतं, गोड कळतं, ती म्हणाली, बाकी नुसता भुस्सा.

मग लोकांच्या घरातलं कसं ओळखतेस, तर म्हणे डोळ्यांनी. फडकं काळं पडलेलं दिसतं, डब्याच्या झाकणाला जाळी दिसते, गोधडीवर माश्या दिसतात. बारा वर्षं दुसऱ्याचं घर आवरलेल्या बाईला अजून काय लागतं.

"मग वास कशाला घेतेस?"

तिनं पडलेली चिमणी उचलून सरळ ठेवली.

"नुस्ती दारात उबी ऱ्हायले तर लोक इचारत्यात, काय काम काढलं? काम नसलं तर मागं फिरावं लागतं. वास घेतला की या आत्या, बसा आत्या म्हनत्यात. च्या टाकत्यात." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू आता सांगशील सगळ्यास्नी."

मी नाही म्हणालो. पण मला माझीही पडली होती. चार वर्षं रोज सकाळी हिनं मला पास केलं होतं. मी विचारलं, की माझ्या शर्टाला इतके दिवस वास येत होता का नव्हता?

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "तू जात हुतास ना?"

तेवढ्यात सिग्नल पडल्याचा आवाज आला. दुसरा शर्ट ओला होता. तिनं माझी बाही कोपराच्या वर दुमडली, हाताला बेसन चोळलं, खिडकीपाशी बस म्हणून सांगितलं आणि मला दाराबाहेर ढकललं.

मी रॉकेलच्या वासासकट पेपर दिला. परीक्षागृहातले सर माझ्याजवळ आले, थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि लांबच्या रांगेत गेले. तीन तासांत पुन्हा माझ्याकडं फिरकले नाहीत. पेपर फार शांतपणे लिहून झाला. शेजारच्यानं बाहेर आल्यावर विचारलं, रॉकेल सांडलं का रे. मी हो म्हणालो. तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या प्रश्नाचं विचारायला लागला. एवढंच झालं.

मी कोणालाच सांगितलं नाही. उलट आत्या घरी आली की मी दाराशी जाऊन उभा राहायचो. आईचं पिठलं लागलं असेल तर मीच मोठ्यानं म्हणायचो, करपल्याचा वास तुला वळणावरच आला असेल ना आत्या. ती डोळे मिटूनच मान हलवायची आणि म्हणायची, वळणावर कशाला, घाटावरच आला. आई खजील होऊन तवा खाली उतरवायची. पुढं मी आईला एवढंच सांगितलं, की वन्संना संध्याकाळचं जेवायला इकडंच बोलावत जा, एकटीसाठी काय चूल पेटवायची. त्या संध्याकाळपासून आई दोन भाकरी जास्त थापायला लागली.

जूनमध्ये निकाल आला. आईनं शिरा केला आणि पहिली वाटी माझ्याकडूनच आत्याकडं पाठवली. तिनं एक घास घेतला, जरा घोळवला.

"इलायची घातलीया का रं?"

"घातली आहे."

"घमघमत आसंल मग."

"वाटेतली माणसं वळून बघत होती," मी म्हणालो.

तिनं सगळी वाटी बोटानं पुसून खाल्ली. वाटी धुऊन परत दिली, आणि वर्ग कोणता मिळाला ते विचारलं.

दुसरा वर्ग मिळाला होता. मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्या आधी चौथीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं.