खऱ्या झोपेचा फोटो

यावलहून जळगावला जाणाऱ्या एसटीत कुणी डोळे मिटून बसलेलं दिसलं, की मेहमूदचाचा आपला दांडा सोडून त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, भाजीवाल्याकडचं वांगं पाहावं तसं त्याचं तोंड पाहतात. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देतात. एकदा एक धडधाकट मनुष्य खिडकीशी डोळे मिटून बसला होता आणि शेजारी एक म्हातारी दांड्याला लटकत होती. चाचा त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हाऊ झोपेल नही शे. सोंग करी राहिना. झोपेल मानूसनी पापणी अशी फडफडस नही." गाडी हसली. त्या माणसाने डोळे न उघडताच उठून सीट सोडली आणि तो थेट पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

चाचा गाद्यावाले. आमच्या रस्त्यावर माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर त्यांचं 'आराम गादी भांडार' आहे. मूळचे धुळ्याकडचे, यावलला येऊन जन्म गेला तरी बोली धुळ्याचीच राहिली. दिवसभर कापूस पिंजायच्या मशीनची घरघर आणि हवेत कापूस. भुवया पांढऱ्या झाल्यात त्या वयाने की कापसाने, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

आणि हा आराम विकणारा माणूस स्वतः एक मिनिट बसेल तर शपथ. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, पेपर वाचायचा तोही रस्त्यावर येरझाऱ्या घालत. मी खुर्ची पुढे केली की म्हणत, "बसनं की हाडं गंजतस." चाची गेल्यापासून तर ही वणवण फारच वाढली. दुकानाच्या माळ्यावर एकटेच राहतात, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी रस्त्यावर असतात. त्यांच्याकडे नुसतं पाहूनच माझे पाय दुखायला लागतात.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका. पाटीवर सगळ्यात खाली मी 'वेबसाइट बनवून मिळेल' असंही लिहून ठेवलं होतं. जागा रिकामी राहिली होती म्हणून. ते कुणी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. चाचांनी घेतलं.

झालं होतं असं, की बसस्टँडजवळ फोमच्या गाद्यांचं काचेचं शोरूम निघालं आणि चाचांचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. पूर्वी लोक मुलीच्या लग्नाला घरचा कापूस पोत्यात भरून चाचांकडे आणत. आता मुलगीच म्हणते, फोमची पाहिजे. चाचांचा एकुलता एक मुलगा सलीम सुरतेला कापडाच्या कारखान्यात. त्याने फोनवर बजावलं, "अब्बा, लग्नसराईपर्यंत वाट बघू. धंदा नाही झाला तर मशीन विकायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं." सुरत म्हटलं की चाचा फोन ठेवून देतात. तिथल्या खोलीत येरझाऱ्या घालायला जागा नाही, म्हणतात. म्हणून माझी पाटी त्यांना दिसली.

वेबसाइट मी चार दिवसांत उभी केली. नाव, पत्ता, फोन, 'गाद्या, उशा, रजया भरून मिळतील'. वर मधोमध एका मोठ्या फोटोची जागा ठेवली. तिथेच सगळं अडलं.

मी इंटरनेटवरून एक फुकटातला फोटो काढला. पांढरीशुभ्र गादी, त्यावर एक गोरी बाई गालाखाली हात घेऊन झोपलेली. चाचांनी चष्मा लावला, स्क्रीनला नाक टेकवलं आणि मागे सरले. "झोपमा कोन हासस, बेटा? आन् हिना केस दख. एकबी इस्कटेल नही. हाई जागी शे."

दुसरा दाखवला. एक पुरुष, भोवती उशाच उशा. "इतल्या उशा कसाले? हाऊ दवाखानामा शे का?"

तिसरा, लहान बाळाचा. "लेकरं काय, धोंडावरबी झोपतस. त्यामा गादीनं काय कौतिक?"

मी वैतागून म्हटलं, "मग नुसती गादीच टाकू या ना! माणूसच नको." चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या तोंडावर दुकानाचं शटर ओढलं. "खाली गादी दखाडशी तं लोकेसले वाटी, गादीवरलं मानूस मरी गयं."

मग मीही इरेला पेटले. रविवारी आमच्याकडे भरीत-भाकरी झाली आणि जेवून आमचे हे दिवाणावर आडवे झाले. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबतोय, घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत. यापेक्षा अस्सल झोप जगात नाही, अशा खात्रीने मी फोटो काढला आणि सोमवारी चाचांपुढे धरला. चाचा कितीतरी वेळ फोटो पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू जागा शेतस."

मी भडकलेच. घरी जाऊन यांना विचारलं. हे आधी हसले, मग दिवाणाची चादर नीट करू लागले, मग म्हणाले, "तू सिलिंडर बदलायला सांगशील असं वाटलं." त्यानंतर आमच्या घरात रविवारचं वातावरण थोडं बदललं, पण तो या लेखाचा विषय नाही.

इकडे दिवस चालले होते. चाचा दिवसातून दहादा रस्ता ओलांडून यायचे. "सापडना का?" "नाही." पुन्हा परत, मशीन चालू, मशीन बंद, पुन्हा माझ्या दारात. गिऱ्हाईक झेरॉक्सला उभं असलं तरी मधून मान घालायचे. मला चैन पडू देईनात आणि स्वतःला तर त्यांना कधीच नव्हतं. एकदा मी बोललेच, "चाचा, सगळे दुकानदार असेच फोटो लावतात. कुणी एवढं बघत नाही." ते म्हणाले, "मी झोप इकस. खोटी झोप कशी टाकू?" मला आणखीच राग आला.

शेवटी तेच म्हणाले, "चाल, फैजपूरले जाऊ. खरी झोप शोधू." दुपारी दुकान बंद करून मी गेले. असं काही करणारी मी एकटीच असेन. केळीच्या ट्रकजवळ मजूर गाडी भरून झाल्यावर सावलीला आडवे झाले होते. पहिल्याच माणसाजवळ चाचा वाकले आणि त्यांनी "सोंग शे" म्हणत त्याच्या पापणीला बोट लावलं. तो खरंच झोपला होता. तो उठून जे काही बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. चाचा मात्र मान डोलवत होते, "चुकनू बेटा, चुकनू," आणि पुढच्याकडे निघालेही होते.

पुढचा तर अगदी गाढ. हात एकीकडे, पाय एकीकडे, छातीवर टोपी. चाचांचा चेहरा उजळला. "हाई शे झोप! दख, हातले पायनी खबर नही!" मी पटापट फोटो काढले. उन्हाची तिरीप, हिरवा रंग, माणसाच्या चेहऱ्यावर सगळं जग मिटल्यासारखं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

एसटीत मी त्यांना तो फोटो मोठा करून दाखवला. चाचांची नजर माणसावरून खाली सरकली आणि तिथेच अडली.

"आता काय?"

"हाऊ तं केळीना पानवर झोपेल शे."

"मग?"

"लोक म्हनतीन, पान पुरस. गादी कसाले?"

मी यावल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. चाचा नेहमीप्रमाणे उभेच होते.

लग्नसराई तोंडावर आली आणि त्याच आठवड्यात सलीम आला. रात्रभर बसचा प्रवास करून सकाळी उतरला तो आधी माझ्याच दुकानात. चांगला बाप्या माणूस, कानाजवळ केस पिकायला लागलेले. "ताई, अब्बांची वेबसाइट कुठवर आली?" मी उघडून दाखवली. नाव, पत्ता, फोन आणि मधोमध करडा चौकोन. त्याने दोन्ही हातांनी डोळे चोळले. "एवढे दिवस एका फोटोसाठी?" म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला.

मग समोरून आवाज येऊ लागले. मशीनच्या घरघरीवरून सलीमचा आवाज, सलीमवरून चाचांचा. "मशीन विकतोय मी!" "मना जिव शे तधलोक नही!" रस्त्यावरचे लोक थबकून ऐकू लागले. मी झेरॉक्सचे कागद उलटे घातले. दुपारपर्यंत ते चाललं. मग एकाएकी सगळं थांबलं, मशीनसुद्धा. त्या मशीनची इतकी सवय झालेली, की ते बंद पडताच माझ्या हातातलं काम थांबलं. काही बरंवाईट तर नाही ना, म्हणून मी धावतच गेले.

दुकानात अर्धवट भरलेल्या एका गादीवर सलीम झोपला होता. भांडता भांडता टेकला असावा आणि तसाच कलंडला असावा. एका पायात बूट, केसांत कापूस, मूठ अजून थोडी आवळलेली. आणि त्याच्याजवळ, कापसाच्या ढिगावर, मेहमूदचाचा बसले होते. मांडी घालून बसले होते. मी त्यांना प्रथमच बसलेलं पाहत होते.

मी काय समजायचं ते समजले. हळूच मोबाइल काढला. गादी चाचांची, भरणारे चाचा, झोप शंभर नंबरी. फोटो घेणार तोच चाचांनी माझं मनगट धरलं.

"नको, बेटा," ते कुजबुजले. "झोपेल लेकरुना फोटो काढू नही. नजर लागस."

"चाचा, चाळिशीला आलाय तो!"

"लेकरुच शे."

"आणि आजवर आपण ज्यांचे काढले ते?"

"त्या दुसरास्ना लेकरं व्हतात," चाचा म्हणाले, आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. पहूरकडची माणसं, नवरीचा बाप, मामा. लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या, घरचा कापूस टेम्पोत होता. ज्या ऑर्डरीसाठी आम्ही एवढी पायपीट केली ती आपल्या पायाने चालत आली होती. नवरीच्या बापाने "चाचा, राम राम," म्हणून मोठ्याने हाक घातली. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने त्यांना जायची खूण केली. ते थोडा वेळ घुटमळले. मग टेम्पो वळला आणि बसस्टँडच्या दिशेने गेला. मला ओरडावंसं वाटत होतं.

"चाचा, अहो, हे काय केलंत?"

चाचा सलीमकडेच बघत होते. "रोज फोनवर म्हनस, अब्बा, मी मजामा शे. फोनवर डोळा थोडाच दिसतस. दख त्याना डोळाखाले. हाऊ कितला दिनथीन झोपेल नही." मग म्हणाले, "वेबसाइट ऱ्हाऊ दे, बेटा. माले सुरतले जानं पडी."

त्या माणसाने इतके दिवस माझं डोकं खाल्लं होतं आणि आता ते थांबणार म्हणून मला भरून आलं. मी मोबाइल बंद केला.

चाचा सलीमच्या पायाशी सरकले. पायात राहिलेला बूट अलगद काढून बाजूला ठेवला. मग दाभणात दोरा ओवला आणि गादीचं पायाकडचं उघडं तोंड शिवायला घेतलं, दोरा ओढताना आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक टाक्याला थांबत.