गिरिजाअक्कांचा डेपो

आमच्या शेजारच्या गिरिजाअक्कांच्या फ्रीझरमध्ये बेळगोळ आहे, के. आर. नगर आहे आणि एक नॉनस्टॉपसुद्धा आहे. मी हे थट्टेने सांगत नाही. पाकिटांवर चिकटपट्ट्या लावून निळ्या पेनाने तसं लिहिलेलंच आहे.

बेळगोळ म्हणजे रवा इडली. मैसूरहून बेळगोळ जवळ, आणि इडलीही पाच मिनिटांत वाफवून होते. के. आर. नगर म्हणजे अर्धवट भाजून ठेवलेला मेथीचा पराठा. तो तव्यावर नीट शेकायला दहा मिनिटं घेतो, म्हणून लांबचा. आणि नॉनस्टॉप म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यांचे रागीचे आप्पे. चटणी नको, ताटली नको. पोराने शाळेच्या व्हॅनमध्ये बसून खावेत आणि थेट शाळेत उतरावं.

अक्का सरकारी बसमध्ये कंडक्टर होत्या. पहाटेच्या पहिल्या गाडीवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी काही अंगातून उतरली नाही. फ्रीझरला त्या ‘डेपो’ म्हणतात. जयलक्ष्मीपुरममधलं एक आइस्क्रीमचं दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी तो जुना आडवा फ्रीझर घरी आणला. त्याच्या अंगावर अजून एक पेंग्विन आहे. “तो ड्रायव्हर,” अक्का सांगतात. “मी सांगितल्याशिवाय हलत नाही.”

आम्ही साताऱ्याहून इथे मैसूरला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. मलाही घरून काम होतं, आणि आमची ओवी तिसरीत. सात वीसला तिची व्हॅन. सहा ते सात वीस या वेळात आमच्या घरातून जे आवाज जात, ते भिंतीपलीकडे अक्कांना ऐकू जात असणार. कारण आल्यापासून दुसऱ्याच आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या. उंच, सडसडीत, काखेला पर्स अशी घट्ट धरलेली की अजून गर्दीतच उभ्या आहेत.

“तिंडी आयता?” त्यांनी विचारलं.

मला कन्नड येत नव्हतं. ‘आयता’ एवढाच शब्द कळला, आणि ओवीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. मला वाटलं, बाई टोमणा मारतेय. मी तडकून म्हटलं, “हो, आयतंच आहे. सकाळी उठून करायला वेळ कुणाला आहे?”

अक्का दाराची चौकट धरून हसायला लागल्या. “अय्यो, मराठी का तुम्ही! मग आधी सांगायचं नाही का? तिंडी म्हणजे नाश्ता. आयता म्हणजे झाला का. आमच्या मैसूरला सकाळी भेटलं की हेच विचारतात.” एवढं बोलून त्या गेल्या आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत चार इडल्या घेऊन परत आल्या. इडल्या दगडासारख्या. एक टेबलावर आपटून दाखवली, खण्ण वाजली. “थोडं पाणी शिंपड, पाच मिनिट वाफ दे. बेळगोळ आहे. रैट!”

पाच मिनिटांनी त्या इडल्या अशा मऊ झाल्या की ओवीने तीन खाल्ल्या.

अक्कांचं मराठी हे असं. त्यांच्या माहेरची माणसं पिढ्यान्पिढ्या मैसूरला कापड रंगवण्याचा, छापण्याचा धंदा करायची. घरात मराठी राहिलं, पण त्यात कन्नड असं मुरलंय की त्यांना स्वतःला शिवण दिसत नाही. “सुम्ने बस” म्हणजे गप्प बस, “बेडा” म्हणजे नको, आणि “रैट” म्हणजे विषय संपला, गाडी सुटली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारपासून माझं शिक्षण सुरू झालं. पहिला नियम, गरम वस्तू डेपोत जाणार नाही. “गरम ठेवलं की घाम येतो. घामाचा बर्फ होतो. मग तुझी पोरगी इडली खाते की बर्फाचा गोळा?” दुसरा, इडल्या आधी ताटात सुट्या-सुट्या गोठवायच्या, मगच पिशवीत भरायच्या. “नाहीतर एकमेकींना अशा चिकटतात, जशा के. आर. नगरच्या गाडीत बाजाराच्या दिवशी बायका.” पराठ्यांच्या मध्ये कागद. नारळ अजिबात नाही, त्याची चटणी ताजीच.

आणि बटाटा नाही. हा नियम मी मोडला. मला वाटलं, अक्कांना काय कळणार. मी आठ आलू पराठे करून आमच्याच छोट्या फ्रीझरमध्ये लपवले. बुधवारी तव्यावर टाकले तर आतून पाणी सुटलं, सारण रवाळ झालं आणि पराठा मधोमध फाटला. नेमक्या तेव्हाच अक्का आल्या. त्यांनी उलथन्याने पराठ्याचं एक टोक उचललं, वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “ब्रेकडाऊन. प्रवाशांनी मागच्या गाडीने यायचं.” मग पदराखालून नॉनस्टॉपचं पाकीट काढलं. त्यांना आधीच कसं कळलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

आमच्या गल्लीतल्या चार घरांची सकाळ अक्कांच्या डेपोवर चालते. चौघींनी मिळून एकदा पैसे देऊ केले. अक्का अशा रागावल्या की दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “पैसे बेडा. रवा आणा. गाजर स्वस्त झालं की गाजर आणा. मार्केटात केळी काळी पडायला लागली की केळीवाला देऊनच टाकतो, ती आणा.” काजू आणलेले त्यांना चालत नाहीत. इडलीवर त्या अर्धा शेंगदाणा लावतात. “पोरांना दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे. त्यांना कुठे ठाऊक राजाचा काजू का रयतेचा शेंगदाणा.”

सात पंधराला त्या फाटकाशी येऊन शिट्टी वाजवतात. कंडक्टरची जुनी शिट्टी. मग गल्लीतलं एकेक पोर बाहेर येतं आणि अक्का प्रत्येकाला विचारतात, “तिंडी आयता?” ‘आयतु’ म्हणजे झाला, असं उत्तर मिळालं की डोक्यावर टपली आणि मुंदे होगी, पुढे व्हा. नाही म्हणणाऱ्याच्या हातात नॉनस्टॉप.

गेल्या वर्षी के. आर. नगरला त्यांच्याकडचं एक लग्न होतं. त्यासाठी त्यांची मुलगी शोभा हुबळीहून तीन दिवस राहायला येणार होती. अक्कांनी आठ दिवस आधीपासून तयारी चालवली. रवा तीनदा भाजला. दही जास्त आंबट झालं म्हणून पहिला घाणा आम्हाला वाटून टाकला आणि दुसरा केला. मी म्हटलं, “अक्का, एकटी शोभाताई येणार आहे ना?” तर म्हणाल्या, “सुम्ने बस.”

शोभाताई आल्या. शांत बाई, आईसारख्याच उंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोथिंबीर द्यायला गेले, तर टेबलावर इडल्या, पराठे, आप्पे, चटणी, लोणी, सगळं मांडलेलं. आणि शोभाताईंच्या हातात नुसता कॉफीचा लोटा.

“अगं आई, मी सकाळी काही खात नाही ना,” त्या समजावून सांगत होत्या. चिडून नाही, अगदी प्रेमाने. “तुला ठाऊक आहे की. एक वाजेपर्यंत मला भूकच लागत नाही. लहानपणापासून तसंच आहे.”

“बेडा तर बेडा,” अक्का म्हणाल्या आणि ताटल्या उचलायला लागल्या. ‘रैट’ म्हणाल्या नाहीत.

दुपारी शोभाताई मैत्रिणीकडे गेल्या. अक्का पायरीवर बसून धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या घड्या घालत होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी वर न बघताच बोलायला सुरुवात केली.

“साडेपाचची गाडी माझी. घरातून साडेचारला निघायचं. ह्यांची बेळगोळला कारखान्यात पहिली पाळी, ते पाचला जायचे. पोरगी सात वर्षांची. एकटी उठायची, एकटी वेणी घालायची, कुलूप लावून किल्ली शेजारी द्यायची आणि शाळेला जायची. मी रात्रीची भाकरी झाकून ठेवायची. गार भाकरी एकटं बसून कोण खातं? संध्याकाळी येऊन बघितलं तर तशीच असायची. मी दोन दिवस ओरडले. मग ती गाईला घालायला लागली.”

एक पिशवी त्यांनी मांडीवर पसरली आणि तळव्याने सपाट करत राहिल्या.

“माझ्या गाडीत शाळेची पोरं चढायची, मेघा. दप्तरं घेऊन. मी प्रत्येकाला विचारायची, तिंडी आयता? दुसऱ्यांच्या पोरांना. आणि नोड, बघ, भूक पण शहाणी असते. विचारणारं कोणी नाही म्हटल्यावर ती यायचीच बंद होते. तिला आता सकाळी भूक लागत नाही. तिचा काय दोष? ती सवय मी लावली.”

मी उगाच दोन पिशव्यांच्या घड्या घातल्या. त्यांनी त्या उलगडून पुन्हा नीट घातल्या.

निघायच्या दिवशी शोभाताईंची बस नऊची होती. सकाळी सहालाच अक्कांनी मला हाक मारली. “तुझं इडलीचं मोठं भांडं घेऊन ये. शोभाला शिकायचंय.”

गोष्ट अशी होती की शोभाताईंच्या मुलीची शाळा बदलली होती, आणि आता तिलाही सातला निघावं लागणार होतं. “ती पण खात नाही म्हणायला लागली आहे,” शोभाताई पदर खोचत म्हणाल्या. “तू इथल्या पोरांना करून देतेस ना, ते मला दाखव. लिहून नको देऊ, हाताने दाखव.”

त्या लहानशा स्वयंपाकघरात आम्ही तिघी. अक्का फोडणी घालताना सूचना देत होत्या. मोहरी तडतडू दे, रवा लाल करू नको, दही घातल्यावर दहा मिनिट हात लावू नको. शोभाताई सगळं निमूट करत होत्या. एवढं ऐकणारी विद्यार्थिनी मी कधीच नव्हते. पहिला घाणा उतरला. अक्का म्हणाल्या, “मीठ बघ. गोठल्यावर मग सुधारता येत नाही.”

शोभाताईंनी इडलीचा एक तुकडा मोडला. “बरोबर आहे.” मग व्हॅन किती वाजता येते, आदल्या रात्री पाकीट खाली काढून ठेवायचं का, शेजारी कोण राहतं, असं त्या बोलत राहिल्या, आणि बोलता बोलता दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. इडली संपली. मुलीच्या नव्या वर्गशिक्षिकेबद्दल सांगता सांगता त्यांचा हात दुसऱ्या इडलीकडे गेला.

घड्याळात सात वाजत होते.

मी अक्कांकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार, हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी ओट्याखाली माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. मग चटणीची वाटी दोन बोटं लेकीकडे सरकवली, आमच्याकडे पाठ केली आणि गॅसचं बटण, जे आधीच बंद होतं, ते सावकाश पुन्हा एकदा बंद केलं.