वर्षालीची लाल रेघ

सकाळी चहाच्या आधी रूपराव टीव्ही लावायचा. बातम्यांसाठी नाही आणि भजनासाठी तर नाहीच. पुण्यात नोकरीला असलेली त्याची मुलगी वर्षाली बरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी.

टीव्ही वर्षालीनंच घेऊन दिला होता आणि सिनेमे-मालिकांचं ॲपही तिनंच टाकून दिलं होतं. ॲप उघडलं की दोन चित्रं दिसायची. मांजरीचं तोंड म्हणजे वर्षाली, मिशीवालं तोंड म्हणजे बाबा. मांजरीवर गेलं की तिची अर्धवट पाहिलेली मालिका दिसायची आणि तिच्याखाली एक लाल रेघ. भाग जितका पाहून झाला तितकी रेघ लांब. रेघ सरकली म्हणजे पोरगी काल वेळेवर घरी आली, जेवली आणि निवांत टीव्ही पाहत पडली, असं रूपरावनं ठरवून टाकलं होतं.

"त्यापेक्षा फोन काऊन नाई करत सरळ?" त्याची बायको जयवंता विचारायची.

फोन तो करायचा. पण बापलेकीचा फोन म्हणजे "जेवली का?" "जेवली." "बरी हायेस?" "बरी हाये." "बरं, ठेवतो." तुझ्यावाचून घर खायला उठतं, हे काही वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या भाजीवाल्या बापाला फोनवर बोलता येत नाही, आणि शेजारचे बंडूजी ओट्यावर येऊन बसलेले असताना तर मुळीच नाही. रेघेचं बरं होतं. तिला काही विचारावं लागत नव्हतं.

मालिका जपानी कार्टूनची होती. निळ्या केसांची एक पोरगी आपलं हरवलेलं गाव शोधत बर्फातून चालते, आणि सोबत एक बोलका कोल्हा. पोरगी काय पाहते ते कळावं म्हणून रूपरावनं मिशीवाल्या चित्रातून तीच मालिका पहिल्यापासून लावली आणि पुरता अडकला. मग बाजारात वांगी तोलता तोलता तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, "एवढ्या बर्फात त्या पोट्टीच्या अंगावर साधं स्वेटर नाई! कार्टून काढणाराले लेकीबाळी नाईत का?" एकदा तो कोल्ह्याच्या स्वभावावर इतका बोलला, की गिऱ्हाईक सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तशीच ठेवून पुढच्या दुकानात गेलं. वर्षालीजवळ मात्र त्यानं हा विषय कधी काढला नाही. बाप पाळत ठेवतो असं तिला वाटलं तर? म्हणून मांजरीतलं काही दाबायचं नाही, नुसतं पाहायचं, असा त्याचा कडक नियम होता.

एक दिवस रेघ थांबली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. आठवडा उलटत आला तरी ती तसूभर हलली नाही. रूपरावनं फोन केला. वर्षाली म्हणाली, "बरी हाये."

"फोनवर सगळ्याच पोरी बऱ्या राह्यतात," जयवंता म्हणाली, आणि रूपरावनं भाकरीचं ताट बाजूला सारून रिमोट उचलला.

"ते नेमकी कुठं थांबली ते पाहू," तो म्हणाला. "रडायचा सीन असला त समजून जाते."

त्यानं मांजरीतलं बटण दाबलं. सीन रडायचाच होता. निळ्या केसांची पोरगी बर्फात तापानं पडली होती आणि कोल्हा तिला टाकून निघाला होता. रूपराव बंद करणार, तोच जयवंतानं डोळ्यांना पदर लावला. "थांबा ना! तो वापस येते का नाई ते त पाहू द्या!"

भाग संपला, पुढचा आपोआप सुरू झाला. भानावर आले तेव्हा लाल रेघ भलतीकडेच जाऊन बसली होती.

"आता समजते तिले," रूपराव घाबरून म्हणाला. "रेघ होती तिथं नेऊन ठेवा लागते."

आळीतल्या सगळ्यांच्या डिश बसवून देणारे बंडूजी ओट्यावर होतेच. "दोन मिन्टाचं काम हाये, रूपरावजी," असं म्हणत त्यांनी रिमोट हातात घेतला. पहिल्या मिनिटात मालिका रांगेतून गायब झाली. ती शोधायला बंडूजी कुठल्याशा आतल्या पानावर शिरले.

"सगळ्या ठिकाणावरून बाहेर पडाचं का म्हणून विचारून राह्यला. काय म्हणू?"

"एवढं विचारून राह्यला त हो म्हणा."

बंडूजी हो म्हणाले. मांजर गेली, मिशी गेली आणि पडद्यावर पासवर्डचा रिकामा चौकोन उरला. बंडूजींनी त्यात वर्षालीचं नाव घातलं, तिच्या शाळेचं नाव घातलं, शेवटी घरच्या गाईचंही घातलं. मग टीव्हीनं सुरक्षेचं कारण सांगून सगळंच बंद केलं.

रूपराव त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिला. वर्षालीची बस वळणाआड गेली त्या दिवशी स्टँडवर उभं राहून त्याला जसं वाटलं होतं, तसंच आताही वाटलं.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"बाबा, माह्या अकाउंटमंधी कोणीतरी घुसून राह्यलं! मोबाईलवर मेसेजवर मेसेज येऊन राह्यले. आन् चोर वर्धा जिल्ह्यातला दाखवते!"

बंडूजी उठले आणि हळूच चपला शोधू लागले.

"चोर मीच हावो बाई," रूपराव म्हणाला, आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मांजर, रेघ, कोल्हा आणि सकाळचा चहा. "रेघ थांबली, त मले वाटलं तुले बरं नाई."



"बाबा, ते मी नाई पाहात," वर्षाली म्हणाली. "माह्या रूमवर रंजिता होती ना, तिले मी पासवर्ड देलता. ते दुसरीकडं राहाले गेली, पण अजून त्याच्यातच पाह्यते. मी त ते कधीचं उघडलंच नाई."

रूपरावनं काळ्या पडद्याकडे पाहिलं. म्हणजे इतके दिवस तो भलत्याच पोरीची खुशाली पाहत होता. "दिवाळीनंतर रेघ कशी पळत होती," तो पुटपुटला. "मी बाजारात सांगितलं, आमची वर्षाली लय खुशीत हाये."

"तवा मी खुशीत नोती, बाबा. नवा साहेब लय बोले. रोज घरी येऊन रडत होती मी."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी लगेच 'बरं, ठेवतो' म्हणत होते ना."

रूपरावनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन् आता?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आता बरी हाये. साहेबाची बदली झाली. खरंच बरी हाये."

या वेळी त्यानं विश्वास ठेवला, कारण पडताळून पाहायला टीव्हीत काही उरलंच नव्हतं. पण फोन ठेवता ठेवता तो दचकला. "अवं, मंग ते रंजिता काऊन थांबली?"

"असन कामात."

"कामात नाई. रोज पाहणारी पोट्टी हाये ते. आधी तिले फोन कर."

संध्याकाळी वर्षालीचा पुन्हा फोन आला. रंजिता खोलीवर एकटीच तापानं फणफणत पडली होती, कोणाला कळवलंही नव्हतं. वर्षाली तिला डॉक्टरकडे नेऊन आपल्या खोलीवर घेऊन आली होती. रूपरावचं निदान बरोबर निघालं होतं, चुकली होती फक्त पोरगी.

"रंजिता विचारते, तुह्या बाबाले सेलूत बसून कसं समजलं?" वर्षाली म्हणाली. मग तिनं विचारलं, "बाबा, ते कार्टून हाये तरी काय?"

रूपराव फोन घेऊन ओट्यावर आला. तिथं बंडूजी बसलेले होते. असोत, म्हणत त्यानं निळ्या केसांच्या पोरीची गोष्ट सुरू केली. तिचं गाव कसं हरवलं, स्वेटर कसं नाही, कोल्हा पहिल्यांदा कुठं भेटला, सगळं. जयवंतानं आतून दोनदा जेवायला हाक मारली. बंडूजी जांभया देऊन घरी गेले. कोल्हा पोरीला टाकून निघाला तिथवर तो आला.

"मंग? तो वापस येते का नाई?" वर्षालीनं विचारलं.

रूपरावला ते माहीत होतं. पुढचे भाग त्यानं पाहिले होते.

"ते उद्या सांगतो," तो म्हणाला. "फोन करजो."