औरंगपुऱ्याची भाजी

आमच्या कुंपणाला लागून कचरूदादांचं वांग्याचं वावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढून जरा ताणला, तर वांगं हाताला लागेल. आमचे सासरे अण्णा मात्र वांगी आणायला शहरातल्या औरंगपुऱ्याच्या मंडईत जातात.

आम्ही राहतो बिडकीनच्या पुढं, फाट्यापासून थोडं आत. म्हणजे आधी फाट्यापर्यंत चालत, मग एसटीनं शहर, स्टँडवरून रिक्षानं मंडई आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत. कचरूदादांची वांगी त्याच दिवशी पहाटे टेम्पोत बसून त्याच रस्त्यानं गेलेली असतात. त्यातली जी नशीबवान असतात ती अण्णांच्या पिशवीत बसून दुपारी गावाला परत येतात. काही वांग्यांनी आमच्या कृपेनं माझ्यापेक्षा जास्त शहर पाहिलं आहे.

अण्णा औरंगपुऱ्यातल्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्याला बरीच वर्षं झाली, पण ते फक्त कचेरीला कळलंय, अण्णांना अजून कळलेलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, तीच वांगी, तोच शेतकरी. मग इथूनच घेतली तर काय बिघडतं?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्या तोंडून काही अडाणीपणाचं निघालं की ते हेच करतात.

"वैशाली, वावरातलं वांगं म्हणजे नुसता अर्ज. मंडईत त्याला लोक हात लावतात, दाबून बघतात, उलटंपालटं करतात. त्यातून राहतं तो पास झालेला माल."

"पण अण्णा, लोकांनी बघून जे ठेवून दिलं, तेच राहतं ना?"

"हा विषय तुझा नाही," अण्णा म्हणाले.

घरातले बहुतेक विषय माझे नाहीत. भांडी आणि फरशी हे दोन मात्र बिनविरोध माझ्याकडं आले आहेत.

गावाला राहायला यायची कल्पना माझ्या नवऱ्याची, सुधीरची. बिडकीनजवळच्या एका नव्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि जवळच आपल्या वाट्याची जमीन पडून आहे हे त्याला एकाएकी आठवलं. मग शहरात, उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये त्याचा जीव गुदमरायला लागला. मोकळी हवा, स्वतःची भाजी, मातीशी नातं, असं तो झोपेतसुद्धा बोलायचा. घर बांधून झालं. मातीशी नातं सध्या मी जपते, रोज दोन वेळा घर झाडून. स्वतःची भाजी म्हणून सुधीरनं कोथिंबीर पेरली होती. उगवलं ते गवत. तेही त्यानं मोठ्या मायेनं पाणी घालून वाढवलं आणि फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. शेवटी कचरूदादांची शेळी येऊन सगळं पीक खाऊन गेली. आमच्या शेतीचं कौतुक आजवर तिनं एकटीनं केलं आहे.

अण्णा या स्थलांतराला विरोध करतील अशी आमची खात्री होती. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी गाव सोडलं ते सोडलंच. पण सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि अण्णा नुसतं "चला" म्हणाले. सासूबाई गेल्या तेव्हाही ते रडले नव्हते. मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या, फायलीला लावल्या आणि आलेल्यांपैकी कुणाला चहा राहिलाय का ते बघत फिरले. त्यानंतर वर्षभर ते घराबाहेर पडले नाहीत. अण्णांचा स्वभावच कोरडा, असं सुधीर म्हणायचा. मलाही ते पटलं होतं. म्हणून गावी आल्यावर त्यांनी एका सोमवारी पिशवी उचलली आणि "मंडईत जाऊन येतो" म्हणाले, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. सोमवार आणि गुरुवार हे वार ठरून गेले. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळं एसटीत त्यांना तिकीट लागत नाही, आणि फुकट मिळणारी सरकारी सवलत वाया घालवणं हे त्यांच्या मते नागरिकाला शोभत नाही.

भाजी आणायला जाताना त्यांचा थाट बघण्यासारखा असतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोक्याला तेल, मानेला पावडर. घरी कलेक्टर आला तरी ते बनियनवर बसतील, पण मंडईत जाताना इस्त्री मोडलेली चालत नाही. मी एकदा म्हटलं, "अण्णा, भाजी आणायला निघालात की मुलगी बघायला?" त्यांनी चष्मा काढून पुसला.

परत आले की भाजी दारापुढच्या ओट्यावर मांडली जाते. मग तपासणी. एकेक वांगं उचलून देठ दाखवणार, मेथीची जुडी नाकाशी नेणार. सगळ्यात शेवटी निघतात कारली. आमच्या घरात कारलं कुणीही खात नाही. सुधीर ताट सरकवतो, आमची मुलगी उठून जाते, मी स्वयंपाक करते एवढा त्याग पुरेसा समजते. अण्णा स्वतः दोन फोडी पाण्याबरोबर औषधासारख्या गिळतात. तरी प्रत्येक खेपेला कारली येतातच, बारीक आणि काटेरी. "अण्णा, कारली नका ना आणू," असं मी अनेकदा सांगून पाहिलं. तो विषयही माझा निघाला नाही.

कचरूदादांना हे सगळं बघून फार वाईट वाटायचं. सरळ माणूस. एकदा अण्णा ओट्यावर मेथी दाखवत होते.

"बघा कचरू. याला म्हणायचं मेथी. पानं बघा, जुडी बघा कशी बांधलीय."

कचरूदादांनी जुडी हातात घेतली आणि बांधायची निळी चिंधी नीट न्याहाळली. "अण्णा, राग नका मानू. पन ही आमच्या मंडळीच्या लुगड्याची चिंधी हाय. काल राती तिनंच बांधल्या जुड्या."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. अण्णांनी कचरूदादांच्या खांद्यावर हात ठेवला. "अभिनंदन, कचरू. तुमचा माल पास झाला."

कचरूदादा बरं वाटून घरी गेले. मला मात्र राहवेना. पुढच्या गुरुवारी मी अण्णांनी आणलेली वांगी फ्रिजमध्ये ढकलली आणि कुंपणापलीकडची ताजी वांगी भाजून भरीत केलं. अण्णांनी दोनदा मागून घेतलं. "बघ," मला म्हणाले, "ही चव गावात सापडायची नाही."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग पावसाळ्याच्या तोंडाशी अण्णा फाट्यावर एसटीतून उतरताना पडले. गुडघा सोलवटला, कोपराला मार बसला. कचरूदादांनी मोटारसायकलवर घालून त्यांना घरी आणलं.

"लई जोरात पडले, वैनी," ते मला म्हणाले. "पन पिशवी सोडली नाय. मी म्हनलं, अण्णा, पिशवी द्या इकडं, तर देईनात."

त्या संध्याकाळी सुधीरनं घरच्या कारभाऱ्याचा आवाज काढला. हा आवाज तो वर्षातून एखाद्या वेळी काढतो. "बास झालं अण्णा. उद्यापासून शहर बंद. कचरूदादा रोज दारात भाजी देतील. या वयात हाड मोडलं तर जुळत नाही." कचरूदादांनीही लगेच हो म्हटलं. अण्णा वाद घालतील, पास झालेल्या मालावर भाषण देतील, म्हणून मी कान टवकारून बसले होते. अण्णा म्हणाले, "ठीक आहे." आणि आत जाऊन पडले.

सोमवारी सकाळी बघते तर अण्णा ओट्यावर. इस्त्रीचा शर्ट, पेन, पावडर, मांडीवर पिशवी. फाट्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्यांनी मान वर केली. गाडी गेली. मग त्यांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा घातली आणि उठून आत गेले. दुपारी जेवले नाहीत. रात्री जेवले ते आमच्यासाठी. गुरुवारी परत तेच. घरात त्यांनी चष्मा पुसणं बंद केलं, म्हणजे मी काही बोलले तरी ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. माणूस एका आठवड्यात असा मिटतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला भीती वाटायला लागली.

सुधीरशी बोलण्यात अर्थ नव्हता, तो काळजीनं आडमुठा झाला होता. मग मी त्याला सांगितलं की अण्णांचा गुडघा शहरातल्या डॉक्टरांना दाखवायला नेते. दवाखाना नेमका औरंगपुऱ्यात निघाला, हा योगायोग मीच जुळवला होता. पिशवी अण्णांनी शर्टाच्या आत घडी करून घेतली होती. पोट जरा पुढं आलं होतं त्यावरून मला कळलं.

गुडघा ठीक निघाला. मी औषधाच्या दुकानात शिरले तेव्हा अण्णा म्हणाले, "तू घे सावकाश. गर्दी आहे. मी जरा पाय मोकळे करतो."

गर्दी नव्हतीच. औषधं घेऊन मी बाहेर आले आणि मंडईच्या दिशेनं निघाले. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून भाजीवाल्या बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईपुढं, पांढरी ओढणी डोक्यावर घेतलेल्या, अण्णा उकिडवे बसले होते. दुखऱ्या गुडघ्यानं. तिला ते आपा, म्हणजे ताई, म्हणत होते. मी त्यांच्या पाठीमागं होते, त्यांना दिसत नव्हते.

"कितने दिन हुए साब, आये नहीं," आपा म्हणत होती. "मैं बोली, भाभी की तबीयत बिगडी क्या."

"नाही नाही. मीच पडलो जरा. ती बरी आहे."

"और भाभी का घुटना? दुखताच है क्या?"

"दुखतंय. मी म्हणतो चल माझ्यासोबत, तर म्हणते एसटीत चढवत नाही. गावाच्या हवेनं रंग मात्र सुधारलाय. काल मोगऱ्याला पाणी घालत होती. म्हटलं, वाकू नको. ऐकते का ती?"

"उनको बोलो, गाव में बडा घर बांधे तो हमको भूल गए," आपा म्हणाली आणि गोणपाटाखालून एक पुडकं काढलं. "ये लो. बारीक कारले. भाभी के वास्ते अलग निकाल के रखी मैं."

मी औषधं हातात धरून तशीच उभी राहिले. सासूबाईंना जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. अख्ख्या उस्मानपुऱ्याला ते माहीत होतं, गावाला माहीत होतं. कुणाशी त्यांच्याबद्दल बोलायचं तर 'होती' असंच म्हणावं लागणार. एवढ्या मोठ्या जगात ही एकच बाई अशी होती, जिच्यापुढं बसून अण्णांना 'आहे' म्हणता येत होतं. आणि आम्ही त्यांची ती जागा गुडघ्याच्या काळजीनं बंद करून टाकली होती.

आपाची नजर माझ्यावर पडली. "ये कौन खडी है पीछे?"

अण्णांनी वळून पाहिलं. मी त्यांना चिडलेलं, रुसलेलं, हट्टाला पेटलेलं पाहिलं आहे. घाबरलेलं मी त्यांना तिथं पहिल्यांदा पाहिलं.

"सून," ते कसेबसे म्हणाले.

"अच्छा, बहू है," आपा खूश झाली. "तू बता बेटा. साब तो हर बार बोलते, अच्छी है, अच्छी है. मर्द लोगां को क्या समझता. भाभी सच में अच्छी है ना?"

अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. कोथिंबिरीच्या ढिगाकडं बघत होते.

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. "काल माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, कारल्यात गूळ कमी पडलाय."

आपा तोंडाला ओढणी लावून हसली. "गुस्सा करते? फिर तो तबीयत एकदम ठीक है."

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. पिशवी अण्णांच्या मांडीवर होती. नक्षत्रवाडी आली. मग मी म्हटलं, "सुधीरला मी सांगते. सोमवारी, गुरुवारी तुम्हाला चढवायला, उतरवायला मी येत जाईन."

"हं," अण्णा म्हणाले.

चितेगाव मागं पडलं तसं त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"काल रागावली का ती?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस तिला?"

"म्हटलं, उद्यापासून तुम्हीच करा."

अण्णा खिडकीबाहेर बघत हसले. "ती कसली करतेय. तिला नुसतं बोलायला लागतं." थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं. "तू मनावर घेऊ नकोस."

"नाही घेत, अण्णा," मी म्हणाले.